धोटेपुऱ्याची मोकळी जागा

"इथे पूर्वी काही नव्हतंच. नुसती मोकळी जागा होती."

मोघेसाहेब पुढे वाकून पाहुण्यांच्या कानाशी बोलत होते, कारण जीपचा आवाज फार होता. पाहुणे मुंबईहून आले होते. ड्रायव्हरशेजारी बसून ते रुमालाने चेहऱ्यावरची धूळ टिपत होते. वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी मागे, साहेबांच्या शेजारी, मांडीवर नकाशाची गुंडाळी धरून बसले होते. कोणी विचारल्याशिवाय मी बोलत नाही, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. मी जवळ बसलेली असताना लोक माझ्याबद्दलसुद्धा निर्धास्तपणे बोलतात.

रस्ता सरळ आणि रुंद होता. समोरून सागाचे ओंडके भरलेले ट्रक येत होते. डाव्या हाताला पत्र्याच्या छपराखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याच्या पुढ्यात नारळांची रास, उदबत्त्यांचे पुडे आणि त्यांच्यामागे पाय दुमडून बसलेली एक म्हातारी.

"हे मात्र इथलं जुनं ठाणं," साहेब म्हणाले. "नोंदीत घेतलंय आम्ही."

पाहुण्यांनी चालत्या जीपमधूनच हात जोडले.

त्या म्हातारीला मी ओळखत होते आणि तो दगड कधीपासून देव झाला, हेही मला ठाऊक होतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे, पण ऐकणाऱ्याला ते काम वाटत नाही. गावांची वर्णनं लिहायची. गाव कसं वसलं, वेस कुठे होती, विहीर कोणी बांधली, देऊळ कोणाचं, बाजार कोणत्या वारी भरतो. इंग्रजांनी अशी जाडजूड पुस्तकं करून ठेवली होती. स्वातंत्र्यानंतर ती नव्याने करायचं ठरलं आणि जुनी पुस्तकं वाचून त्यांतलं काय टिकलंय हे पाहायला माणसं हवी होती. मी सिव्हिल लाइन्समधल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मला घेतलं. घरी आम्ही मराठीच बोलत असू, पण मोजकं. मराठी मला खरी आली ती या नोकरीत, लोकांच्या ओट्यांवर बसून.

वर्णन लिहिण्याचे काही नियम असतात. गावात शिरल्यावर आधी हद्द पायी फिरायची. कोरीव लेख दिसला तर त्यावर कागद ठेवून कोळसा घासायचा. आणि म्हाताऱ्या माणसाला "हे किती जुनं?" असं कधीही विचारायचं नाही. तो "पांडवकालीन" म्हणतो आणि विषय संपतो. विचारायचं असं की, तुमच्या लग्नात हे होतं का? तुमच्या आईच्या लग्नात? सासूच्या? माणसं राजांबद्दल वाटेल ते सांगतात, पण लग्नांबद्दल फारसं खोटं बोलत नाहीत. एकेक लग्न धरून मागे गेलं की काळात बऱ्यापैकी खोल उतरता येतं.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची भेटतात. बहुतेक गावांत कुठल्यातरी झाडाखाली राजाने विसावा घेतलेला असतो. ते सगळे विसावे खरे धरले तर राजाला राज्य करायला सवडच मिळाली नसती. एक निवृत्त नायब तहसीलदार वडिलांचा फोटो घेऊन आमच्या कचेरीत येत. गावची विहीर वडिलांनी बांधली असं लिहा, म्हणत. विहिरीवरच्या दगडात दुसऱ्याच कोणाचं नाव कोरलेलं होतं, ते मी त्यांना दाखवलं. "त्यांचं कशाला लिहिता? ते तर गेले," ते म्हणाले. तुमचे वडीलही गेलेच आहेत, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि नेहमीप्रमाणे तिथेच राहिलं. ते वर्षभर येत राहिले.

असो. सांगायचं होतं ते धोटेपुऱ्याबद्दल.

नागपूर शहराच्या पूर्वेला, लकडगंजच्या पलीकडे, नाला ओलांडला की धोटेपुरा लागतो. विणकरांची वस्ती. तेव्हा तिची स्वतःची छोटी म्युनिसिपल कमिटी होती, स्वतःचा जकातीचा नाका, स्वतःची शाळा. तिथून शहराच्या महाल भागातली देवळं दिसत, तरी माणसं "जरा नागपूरले जाऊन येतो" असं म्हणत, जणू मध्ये दोन स्टेशनं होती. मला ते फार आवडे. अर्धी पडलेली वेस, पायऱ्यांची विहीर, देवीचं देऊळ आणि नाक्याची चौकी, एवढी स्थळं मी पहिल्याच सकाळी पाहून घेतली आणि सायकलवर बसून परत निघाले. देवळामागे एक लांबच लांब पट्टा होता. दोन्ही बाजूंना कडुनिंब, मधे जमीन चोपलेली. तिथून जवळचा रस्ता दिसला म्हणून सायकल आत घातली.

"उतर वं! खाली उतर! ताणा हाये!"

मी इतकी दचकले की सायकलसकट पडता पडता वाचले. समोर, कमरेच्या उंचीवर, पांढऱ्या सुताचं एक अखंड पान हवेत ताणलेलं होतं. या टोकाच्या दगडी खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत. मधे फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्यांनी त्याला आधार दिला होता. दोन पुरुष मोठे कुंचे घेऊन त्यावरून चालत होते आणि बायका दोन्ही अंगांनी सुतावर डोळे लावून उभ्या होत्या. आंबलेल्या खळीचा वास सगळीकडे भरला होता.

"काहून वं, दिसत नाही का तुले?" ओरडणारी बाई जवळ आली. "एवढा मोठा ताणा आंधळ्यालेही दिसते."

"क्षमा करा. मला याची कल्पना नव्हती," मी म्हणाले.

"अव्वा! पुस्तकातलं बोलते वं हे!" बायका खळखळून हसल्या. एकीने पदर तोंडाला लावून माझी नक्कलही केली.

ओरडणारी ती भागाबाई. तिने मला एका निंबाखाली बसवलं आणि काम न थांबवता, पाठमोरीच, सगळं सांगितलं. मागावर चढवण्याआधी सुताला खळ पाजावी लागते. याला म्हणायचं पांजण. खळीशिवाय सूत म्हणजे केस. आडवा धागा नेणारा धोटा दोनदा फिरला की तटातट तुटतं. खळ लावायची तर लुगड्यांचा सगळा ताणा, म्हणजे उभे धागे, एका ओळीत सरळ पसरावा लागतो, आणि वारा सुटण्याआधी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, निंबाच्या जाळीदार सावलीत तो वाळावा लागतो. भर उन्हात कडक होतो, घरात कुबट होतो. तुटलेला धागा बोटाला राख लावून वळायचा. आणि ताणा ओला असताना कोणी गाडीवरून गेलं तर उडालेली धूळ त्याला चिकटते ती कायमची. म्हणून इथून जाणाऱ्याने उतरायचं आणि कडेकडेने पायी जायचं.

"कोणीही?" मी विचारलं.

"कोणीही म्हंजे कोणीही. फौजदार उतरते. नवरदेव घोड्यावरून उतरते. वाजंत्री चालते, घोडा नाही चालत."

मला आमचा नियम आठवला. "तुमच्या लग्नात नवरदेव उतरला होता का?"

"नाही तं काय उडत आला?"

"आणि तुमच्या सासूच्या?"

"सासू सांगे का तिचा नवरा उतरताना धोतरात पाय अडकून पडला. मरेपर्यंत हासे माय त्याच्यावर. अन् तिची सासू सांगे का तिच्या लग्नात पालखी खाली ठेवली अन् तिले चालवत नेलं."

देवीचं देऊळ भागाबाईच्या आजेसासऱ्यांच्या देखत बांधलेलं होतं. वेस त्याच्या जरा आधीची. लग्न धरून धरून मी मागे गेले तसतशी धोटेपुऱ्यातली एकेक गोष्ट गळत गेली आणि शेवटी हा पट्टा तेवढा उरला. सगळ्या वस्तीत सगळ्यांत जुनी गोष्ट तीच होती. घरं तिच्या दोन बाजूंनी नंतर आलेली होती.

त्यानंतर मी तिथे कारण काढून जाऊ लागले. नाक्यावरच उतरायची आणि सायकल हातात धरून चालायची. भागाबाई मला "पोरी" म्हणू लागली. सुताकडे बघत बोललं तर लाजायला होत नाही, हे मला तिथे कळलं. सगळ्यांचीच नजर सुतावर असे.

याच सुमारास लकडगंजातल्या लाकडाच्या वखारींसाठी पूर्वेकडे मोठा रस्ता काढायचं घाटत होतं. नकाशावर त्याची रेघ बरोबर या पट्ट्यावरून गेली होती. साहजिकच होतं. सरळ, सपाट आणि घरं नसलेली जागा तीच. मात्र वर्णनात जुनं स्थळ म्हणून नोंद झालेली जागा शक्यतो वगळायची, असा दंडक होता. म्हणजे माझी नोंद मान्य झाली तर रेघ नाल्याच्या कडेने सरकणार होती. नाही झाली तर पट्टा जाणार होता.

भागाबाईचे दीर दौलतकाका वस्तीचे पंच होते. त्यांनी मला एकदाच विचारलं.

"पुस्तकात आलं म्हंजे रस्ता तिकडून जाईन?"

"जाईल असं वाटतं, काकाजी."

"अन् नाही आलं तं?"

त्यांनीच उत्तर दिलं. "तं माग मोडा, अन् गिरणी." आणि कुंचा खळीत बुडवून ते पुन्हा चालू लागले.

नोंदीच्या छापील कागदावर एक रकाना असतो, बांधकामाचा प्रकार. दगडी, विटांचे, लाकडी. बाकी सगळं मी लिहिलं आणि त्या रकान्यापाशी अडले. शेवटी तिथे "सुती" असं लिहिलं. मोघेसाहेब ते वाचून मनापासून हसले. साहेब वाईट माणूस नाहीत, हे इथेच सांगून ठेवते. त्यांनी माझं टिपण दोनदा वाचलं, इंग्रजीची तारीफ केली आणि म्हणाले, "पण मी वर दाखवू काय? डोळ्यांना दिसायला काहीतरी हवं. चला, मी स्वतः येऊन पाहतो. फोटो काढू."

मी आनंदाने धोटेपुऱ्यात निरोप दिला. साहेब जागा पाहायला येणार आहेत. काही करू नका, रोजच्यासारखंच असू द्या. हे मी दौलतकाकांना दोनदा सांगितलं. ते मान हलवत राहिले. पाहुणा "काही करू नका" असंच म्हणतो, आणि तसं म्हणणाऱ्या पाहुण्यासाठी जास्तच करायचं असतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

त्या सकाळी जीप देवळामागे वळली आणि मला पट्टा ओळखूच आला नाही.

ताणा नव्हता. एकही नव्हता. बांबूच्या कैच्या उचलून घरांमागे नेल्या होत्या. खळीची मडकी झाकून ठेवली होती. वासही नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सडा घातलेला, मधे एवढी मोठी रांगोळी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खळीने काळे पडलेले दगडी खांब घासून, धुऊन, गेरूने रंगवले होते. एका खुर्चीवर निळं रेशीमकाठी लुगडं अंथरलं होतं. आणि सगळी वस्ती, पुरुष धुतलेल्या धोतरांत, बायका सणाच्या लुगड्यांत, पोरं तेल लावून, ओळीने उभी. माग बंद. त्या दिवशी अख्ख्या धोटेपुऱ्यात एक धोटा फिरला नाही.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "काय स्वच्छ जागा ठेवलीय!"

दौलतकाकांचा चेहरा उजळला. त्यांनी हार घातला, पोहे दिले, चहा दिला. मी भागाबाईला बाजूला घेतलं.

"ताणा कुठाय?"

"काढला ना. काल दिवसभर तेच करून राहिलो आम्ही."

"एक तरी लावा. आत्ता. लवकर."

"आता कुठं वं? खळ शिजवा लागते, उन्ह चढलं, वारा सुटला. अन् साहेबासमोर तो वास? पाहुणा काय म्हणन?" मग माझ्याकडे नीट पाहून तिचा आवाज खाली आला. "काहून? चुकलं का काही?"

मी साहेबांपाशी गेले आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात, इंग्रजीत, सगळं सांगितलं. रोज इथे काय असतं, आज का नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "मला ठाऊक आहे, टिपणात वाचलंय," ते म्हणाले. "पण मी जे पाहिलं तेच मला लिहावं लागेल ना?"

मग फोटो काढला. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. त्या जागेचा तो एकच फोटो आहे. त्यात झाडं आहेत, हसणारी माणसं आहेत आणि त्यांच्यामागे लांबवर पसरलेलं, लख्ख झाडलेलं काहीच नाही. पुढे रस्त्याच्या आराखड्याला तोच जोडला गेला. मोकळी जागा, बांधकाम नाही.

त्यानंतर कोणाकडे दाद मागायची हेच कळेनासं झालं. राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूरची राजधानी गेली. आमच्या खात्यातले अर्धे लोक भोपाळला, काही मुंबईला. कपाटं दोरांनी बांधून ट्रकवर चढली. मी पुन्हा टिपण लिहिलं, तर ते ज्याच्या टेबलावर जायचं ते टेबलच उरलं नव्हतं. धोटेपुऱ्याची कमिटी शहरात विलीन झाली. मग निंब पडले. ते जवळच्याच वखारीत गेले. मग खडी आली.

दौलतकाकांना भेटायला मी एकदा गेले होते. मुलगा गिरणीत बदली कामगार म्हणून लागला होता. माग मोडून परसात टाकला होता आणि त्यावर कोंबड्या बसत होत्या. काका बाजेवर पडून होते. मला पाहून उठून बसले, इकडचं तिकडचं विचारलं. रस्त्याबद्दल, नोंदीबद्दल एक शब्द नाही. निघताना म्हणाले, "पोरी, त्या दिवशी चहा आवडला होता ना साहेबाले?"

"आवडला होता, काकाजी."

"आलं टाकलं होतं," ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. ती आमची शेवटची भेट.

आणि तो दगड. रस्त्याच्या मजुरांनी खांब उपटत आणले; बाकीच्यांवरचा गेरू पावसात धुऊन गेला होता, पण देवळाच्या आडोशाला असलेला शेवटचा खांब त्यांना अजून लाल दिसला. देवाला हात कोण लावणार? त्यांनी रस्ता हातभर वाकवून तो तसाच सोडला. कोणीतरी शेंदूर लावला. ट्रकवाले नारळ फोडू लागले. मग चार दगडी खांब आणि वर पत्रा आला. आता बांधकाम होतं. दगडी. आणि म्हणून ते ठाणं नोंदीत आलं. नोंद लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी खरं काय ते लिहून दिलं होतं. तपासून छपाईला जाताना त्याचं "पुरातन ठाणे, स्थानिक श्रद्धास्थान" एवढंच उरलं.

भागाबाई तिथेच नारळ विकते. घरात बसून बिड्या वळणं तिला जमेना, मोकळ्यावर बसायची सवय. मागे एकदा तिच्याजवळ बसले होते तेव्हा ती आपणहून म्हणाली, "या दगडाले आम्ही खळीचे हात पुसत होतो वं. आता लोकं पाया पडून राहिले." हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिची बोटं मांडीवर हलत होती, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर, राख लावून धागा वळावा तशी. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

हे सगळं मला त्या जीपमध्ये ओळीने आठवलं असं नाही. तेवढा वेळच नव्हता. पाहुण्यांनी जोडलेले हात सोडले, साहेब मागे टेकले आणि पुन्हा म्हणाले, "मोकळीच होती हो सगळी. फोटो आहे आमच्याकडे." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. त्या जागी नवरदेव घोड्यावरून उतरत, हे आता जिथे लिहून ठेवता येईल अशी कुठलीही जागा नाही, हे मला माहीत होतं. बोलून रस्ता उठणार नव्हता, निंब उगवणार नव्हते.

समोरून ट्रक आला. ड्रायव्हरने जीप कडेला घेतली. भागाबाईने धुळीसाठी डोळ्यांवर हात धरला आणि हाताखालून तिला मी दिसले.

"थांबवा," मी म्हणाले.

ड्रायव्हरला माझा आवाजच ओळखीचा नव्हता, त्यामुळे त्याने थांबवली नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. जीप थांबली. पाहुणे मागे वळले. साहेब म्हणाले, "काय हो? बरं वाटत नाही का?"

मी नकाशा सीटवर ठेवला आणि खाली उतरले.

"उतरा, साहेब. पाहुण्यांनाही उतरू द्या," मी म्हणाले. "इथून पायी जायचं असतं. ताणा आहे."